कंसातले नाव

१९९१ च्या ऑगस्टमध्ये पुण्यातील एका विनाअनुदान अभियांत्रिकी महाविद्यालयाच्या संगणक शाखेत माझे नाव दाखल झाले आणि १९९५ च्या उन्हाळ्यात शेवटची तोंडी परीक्षा देऊन मी वसतिगृहाची खोली रिकामी केली. त्या चार वर्षांचा मागोवा घेऊ लागलो की डोळ्यांपुढे प्रथम उभे राहते ते यंत्र नव्हे, तर लाल कापडाच्या रुमालात बांधलेले अण्णांचे दप्तर. अण्णा, म्हणजे माझे वडील, सातारा जिल्ह्यातील एका सजाचे तलाठी होते. जमाबंदीचे दिवस आले की वीज नसलेल्या रात्रीही कंदिलाच्या उजेडात ते गावनमुन्यांची पाने उलगडून बसत आणि मी त्यांना एकेक गट क्रमांक वाचून दाखवीत असे. संगणकशास्त्राचा माझा पहिला पाठ तोच होता, हे उमगण्यास मात्र पदवीचे तिसरे वर्ष उजाडावे लागले.

वसंतदादा पाटील यांच्या सरकारने १९८३ साली विनाअनुदान महाविद्यालयांना मुभा दिली नसती, तर बारावीच्या माझ्या गुणांवर ही शाखा मला मिळाली असती असे वाटत नाही. त्या धोरणावर टीका पुष्कळ झाली आणि तिच्यातला बराच भाग रास्तही होता. तरी तालुक्याच्या गावांतून, मराठी शाळांतून आलेली माझ्यासारखी कितीतरी मुले त्याच दाराने आत शिरली, हीही नोंद राहिली पाहिजे. आम्ही रुजू झालो त्याच वर्षी, त्याच शहरात, गणेशखिंडीच्या विद्यापीठ परिसरात, १९८८ साली स्थापन झालेल्या सी-डॅकने डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली ‘परम ८०००’ हा महासंगणक सिद्ध केला होता. आम्ही मात्र पहिले वर्षभर वर्कशॉपमध्ये कानशीने लोखंड घासले आणि ड्रॉइंगच्या पाट्यावर कागद ताणला. पुढे संगणकाच्या लॅबमध्ये प्रवेश मिळाला तो पादत्राणे बाहेर काढून, आठवड्यातून दोन तास, तिघांत एक यंत्र या हिशेबाने. म्हणून प्रोग्रॅम आधी वहीत लिहावयाचा, प्रत्येक ओळीखाली व्हेरिएबलच्या किमती मांडून त्याचा ‘ड्राय रन’ करावयाचा, आणि मगच यंत्रासमोर बसावयाचे, असा शिरस्ता आपोआप पडला. टंचाईचे गुणगान मला करावयाचे नाही; ज्यांची पाळी येण्यापूर्वीच तास संपे त्यांचे नुकसान झाले ते झालेच. परंतु आज जे काही मला नीट समजते, ते त्या वहीच्या पानांवर समजले, पडद्यावर नव्हे, हे सांगितल्यावाचून राहवत नाही.

मायक्रोप्रोसेसरच्या पहिल्या प्रॅक्टिकलचा प्रसंग अजून जसाच्या तसा आठवतो. ८०८५ चा किट म्हणजे उघडी हिरवी पाटी, तिच्यावर सोळा अंकी पद्धतीची बटणे आणि तांबड्या आकड्यांची सहा घरे. पाच आणि तीन यांची बेरीज करून ती २०५० या पत्त्यावर ठेवावयाची होती. आज्ञांचे संकेत कोष्टकातून हाताने काढून मी वहीत लिहिले होते : ३ई ०५, ०६ ०३, ८०, मग ३२ २० ५०, आणि शेवटी थांबण्यासाठी ७६. प्रोग्रॅम चालविला, २०५० चे घर उघडले, तो तेथे आठ नव्हते. पूर्वी कोणी ठेवून गेलेला भलताच आकडा होता. तीनदा चालविले, तीनदा तोच आकडा. किट नादुरुस्त आहे असे मी सरांना सांगणार, इतक्यात शेजारच्या मित्राने वहीवर बोट ठेवले. या प्रोसेसरला पत्त्याचा खालचा भाग आधी द्यावा लागतो व वरचा नंतर. मी २० ५० लिहिले होते, तेथे ५० २० हवे होते. माझी बेरीज बिनचूक झाली होती, पण भलत्याच पत्त्यावर गेली होती. पुढे सी भाषा शिकताना टर्बो सीच्या निळ्या पडद्यावरून काम आटोपून बाहेर पडताच ‘नल पॉइंटर असाइनमेंट’ हे शब्द उमटत, तेव्हा प्रत्येक वेळी तो किट आठवे : उत्तर बरोबर असले तरी ते कोठे ठेवले याचाही हिशेब द्यावा लागतो.

दुसऱ्या वर्षी डिजिटल इलेक्ट्रॉनिक्सच्या तासाला सिक्वेन्स जनरेटर नावाचा प्रयोग आला. शून्य आणि एक यांची आठ चिन्हांची अशी एक माळ रचावयाची की ती वर्तुळाकार फिरवीत लगतची तीन-तीन चिन्हे वाचली असता आठही संभाव्य त्रिकुटे प्रत्येकी एकदाच यावीत. फळ्यावर सरांनी उत्तर लिहिले : शून्य, एक, एक, एक, शून्य, एक, शून्य, शून्य. ते वाचता वाचता माझ्या तोंडून नकळत ‘यमाताराजभानसलगं’ निघून गेले. मराठीच्या तासाला वृत्ते शिकताना पाठ केलेले ते सूत्र. लघूला शून्य आणि गुरूला एक म्हणा, की पहिली आठ अक्षरे म्हणजे फळ्यावरचीच माळ, आणि शेवटची ‘ल गं’ ही दोन म्हणजे ‘य मा’ पुन्हा आल्यासारखी, वर्तुळ पुरे करणारी. त्या दिवशी मला झालेला आनंद अवर्णनीय होता, आणि काही दिवस मी गर्वाने सर्वांना हे सांगत फिरलो. पण ग्रंथालयात शोध घेतल्यावर कळले की द ब्रुइन या डच गणितज्ञाने १९४६ साली अशा माळा एकंदर किती होऊ शकतात याचे सूत्र सिद्ध केले आहे, आणि तीन चिन्हांच्या त्रिकुटांसाठी त्या नेमक्या दोनच. सूत्रकाराने एक माळ शोधली होती. दोनाहून अधिक नाहीत हे दाखविणे हे निराळे काम होते. सापडणे आणि सिद्ध होणे यांतील हे अंतर मला कोणत्याही व्याख्यानाने समजले नसते इतके त्या एका तुलनेने समजले, आणि आपल्याकडे हे सर्व पूर्वीच होते असे म्हणण्याची इच्छा तेव्हापासून माझ्या मनातून गेली.

मध्यंतरीचा काळ सबमिशने, जर्नले आणि केटीची धास्ती यांत गेला. त्याविषयी विशेष सांगण्यासारखे नाही.

तिसऱ्या वर्षी डेटाबेस हा विषय लागला. आयबीएमच्या एडगर कॉड यांनी १९७० साली मांडलेली कल्पना अशी, की माहिती साध्या तक्त्यांत ठेवावी, प्रत्येक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदावी, आणि तक्त्यांचे परस्परसंबंध समान रकान्यांवरून जोडावे. हे वाचताना कंदिलाखालची पाने एकेक करून आठवू लागली. गट क्रमांकावरून जमीन कोणाची ते सांगणारा नमुना सात. खातेदाराच्या नावावरून त्याच्या साऱ्या जमिनी सांगणारा आठ-अ, म्हणजे त्याच मजकुराची दुसऱ्या वाटेने लावलेली सूची. आणि नमुना सहा, फेरफाराची नोंदवही. खरेदीखत झाले तरी अण्णा सातबाऱ्याला प्रथम हात लावीत नसत. आधी फेरफार नोंद घालीत, हितसंबंधीयांस नोटिसा काढीत, हरकतीची मुदत जाऊ देत, आणि मंडल अधिकाऱ्याने नोंद प्रमाणित केल्यावरच सातबाऱ्यावर अंमल देत. व्यवहार आधी नोंदवहीत उतरावा, तो पक्का झाल्यावरच मूळ तक्ता बदलावा, म्हणजे मध्येच काही बिघडले तरी खरे काय ते नोंदवहीवरून पुन्हा उभे करता येते, हे पुस्तकातले तत्त्व मी अण्णांच्या हस्ताक्षरात पाहिले होते. आमचा सजा अर्थात गणिती सिद्धतेवर चालत नव्हता. एकाच माणसाचे नाव दोन खात्यांत दोन तऱ्हांनी लिहिलेले असे आणि त्यातून भाऊबंदकीचे दावे उभे राहत. कॉड यांच्या शास्त्राची गरज तेथेच होती. म्हणून शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट मी गावच्या जमीन अभिलेखांवर करण्याचे ठरविले, आणि मार्गदर्शक सरांनी थोड्या विचारान्ती मंजुरी दिली.

फॉक्सप्रोमध्ये काम सुरू झाले. सी-डॅकचे जिस्ट कार्ड बसविलेल्या यंत्रावर देवनागरी उमटत असे, आणि भारतीय लिप्यांचे इस्की हे मानकही १९९१ सालीच निश्चित झाले होते. पण ते कार्ड आमच्या लॅबमध्ये नव्हते, म्हणून नावे रोमन अक्षरांत भरली. संक्रांतीच्या सुट्टीत डॉट मॅट्रिक्स प्रिंटरवर छापलेली, दोन्ही कडांना भोके असलेली लांब पाने घेऊन मी घरी गेलो. गट, नावे, सारे काही नमुन्यादाखल मनानेच रचलेले होते. अण्णांनी चष्मा लावला आणि कागद मांडीवर घेऊन बोटाने ओळी चाचपीत, अक्षरे लावीत ते बराच वेळ वाचत राहिले. फेरफाराच्या आधीचे पान आणि नंतरचे पान त्यांनी शेजारी शेजारी ठेवले.

“हा धोंडी कुठं गेला?”

“त्यानं जमीन विकली ना अण्णा. नोंद मंजूर झाली, म्हणून आता घेणाऱ्याचं नाव आलं.”

“विकली म्हणून त्याच्या नावाला कंस करायचा. पुसायचं नाही. उद्या त्याचा नातू दारात आला, तर त्याला काय दाखवशील?”

मी उत्तर दिले नाही, कारण माझ्या प्रोग्रॅममधली ती ओळ मला डोळ्यांपुढे दिसत होती : ‘रिप्लेस’ या आज्ञेने जुने नाव काढून त्याच जागी नवे नाव ठेवणारी. फेरफाराची नोंदवही मी केली होती, पण तिच्यात केवळ क्रमांक आणि तारीख होती. नाव कोठेच उरले नव्हते. अण्णांनी खिशातले पेन काढले, कागदाच्या भोकांलगतच्या मोकळ्या जागेत देवनागरीत ‘धोंडी’ असे लिहिले, आणि त्या नावाला दोन्ही बाजूंनी सावकाश कंस केला.

पुण्याला परतल्यावर ती ओळ काढून टाकली. मालकांचा स्वतंत्र तक्ता केला, प्रत्येक नावापुढे ते ज्या फेरफाराने आले व ज्या फेरफाराने गेले त्यांचे क्रमांक ठेवले, आणि नाव चालू आहे की नाही हे सांगणारा एक रकाना वाढविला. सरांनी त्यासाठी ‘स्टेटस’ हे नाव सुचविले होते. मी त्याचे नाव ‘कंस’ असेच ठेवले.