मुसारामबागहून यानमपर्यंत

उन्हाळ्याच्या सुट्टीत हैदराबादला मावशीकडे आठ-पंधरा दिवस राहायला जाणं बिदर, भालकी, उदगीरकडच्या कुटुंबांना नवं नाही. चारमिनार, सालारजंग, बिर्ला मंदिर तीन दिवसांत संपतं आणि मुलं टीव्हीपुढे बसतात. अशा वेळी फ्रेंचांच्या खुणा शोधत निघावं. घाई मात्र करू नये.

पहिली खूण शहरातच आहे. मलकपेठजवळच्या मुसारामबागवरून रोज हजारो लोक जातात, पण हे नाव ‘मुस्यू रेमाँ’चं, हे किती जणांना ठाऊक असेल? निजामाच्या कवायती पलटणींचा हा फ्रेंच सेनानी. हिंदूंनी त्याला मुसाराम केलं, मुसलमानांनी मुसा रहीम. गनफाउंड्री हे नावही त्याच्या तोफांच्या कारखान्यावरून पडलं. १७९५ साली खर्ड्याला तो मराठ्यांविरुद्ध लढला, म्हणजे आपल्या बाजूचा नव्हेच! २५ मार्च १७९८ रोजी तो वारला. टेकडीवर कबरीशी उंच स्तंभ आहे, त्यावर ‘जे. आर.’ ही अक्षरं. सकाळी लवकर जावं, नंतर दगड तापतात.

मग रेल्वेने मछलीपट्टण. तिकडे त्याला नुसतं ‘बंदर’ म्हणतात. १६६९ साली गोवळकोंड्याच्या सुलतानाच्या परवानगीने फ्रेंचांनी इथे वखार घातली. इथल्या रंगीत कापडाला तेव्हा युरोपात मोठी मागणी होती. शेजारच्या पेडना गावी ठशांची कलमकारी आजही चालते. कापड हिरड्याच्या पाण्यात बुडवायचं, वाळवायचं, ठसे मारायचे, पुन्हा धुवायचं. हे पाहायला एक अख्खा दिवस द्यावा. घरातल्या बायकांना तोही पुरणार नाही.

पुढे गुडिवाडा, भीमावरम, राजमहेंद्रीमार्गे काकिनाडा गाठावं. खिडकीतून मासळीची तळी आणि नारळीच्या बागा दिसत राहतात. काकिनाड्याहून यानम तीसेक किलोमीटर, बसने जाता येतं. गाव आंध्रच्या कुशीत, कारभार मात्र दूरच्या पुदुच्चेरीचा. १९५४ साली फ्रेंचांनी ते सोडलं, तरी ही सीमा तशीच राहिली. कानडी वाचणाऱ्या आज्जीला बरोबर न्या. तेलुगू पाट्या ती अडखळत का होईना वाचते आणि नातवंडांवर रुबाब करते!

या गावाची एक गोष्ट मात्र मनाला लागते. १९३० साली ब्रिटिश हद्दीत बालविवाहबंदीचा शारदा कायदा लागू झाला. यानम फ्रेंचांचं, तिथे तो चालत नव्हता. मग आसपासचे लोक लहान मुलींना घेऊन हद्द ओलांडायचे आणि लग्न उरकून परत यायचे. गावाला ‘कल्याणपुरम’ असं नावच पडलं. सीमेमुळे होणारी गैरसोय आपल्याला पाठ आहे. इथे मोठ्यांनी सीमेची सोय करून घेतली आणि भोगलं त्या पोरींनी. मुलींना ही गोष्ट जरूर सांगावी, फ्रेंच चर्च दाखवण्याआधी.

संध्याकाळी गौतमी गोदावरीच्या काठी बसावं. बिदरजवळून जाणारी आपली मांजरा पुढे गोदावरीला मिळते. धरणांनी आणि हैदराबादच्या नळांनी सोडलेलं तिचं पाणी इथूनही समुद्राकडे जातं. नकाशा बरोबर असू द्या, मुलं बोट फिरवत नदी शोधतात. रात्री काकिनाड्याहून सिकंदराबादची गाडी आहे, पण एक मुक्काम करायला हरकत नाही. मंगळवार असेल तर आठवडी बाजारही पाहता येईल.