पोळपाटाची निगा

स्वयंपाकघरातील पितळेच्या भांड्यांना कल्हई केली जाते, विळीला धार लावली जाते. पोळपाट मात्र पोळ्या झाल्या की मोरीत पाण्यात पडून राहतो. पुढे एखाद्या दिवशी त्याला चीर पडते आणि आपण लाकडाला दोष देतो. वास्तविक दोष बहुधा लाकडाचा नसतो.

वृक्षाच्या मुळांनी शोषलेले पाणी शेंड्यापर्यंत नेणाऱ्या असंख्य सूक्ष्म नलिका लाकडात असतात. वृक्ष तोडल्यावरही पाणी शोषण्याचा आपला धर्म लाकूड सोडत नाही. ओले झाले की ते फुगते आणि वाळले की आकसते. पावसाळ्यात लाकडी दारे घट्ट बसतात, ती याच कारणाने. विशेष हे की, लाकूड त्यावरील रेषांच्या आडव्या दिशेने फुगते. लांबीच्या दिशेने जवळजवळ मुळीच फुगत नाही. म्हणून सुताराने अगदी नेमका गोल केलेला पोळपाटही दमट हवेत किंचित लंबगोल होतो!

भिजलेला पोळपाट कडक उन्हात ठेवला, तर वरचा थर झपाट्याने आकसू लागतो; आतला भाग मात्र फुगलेलाच असतो. या ओढाताणीत लाकूड तडकते. एकच बाजू ओली राहिली, तर पोळपाट वाकतो व डुगडुगू लागतो. चिरेत अडकलेल्या कणकेला ओल मिळाली की तेथे बुरशी धरते. ज्यावर रोजचे अन्न सिद्ध होते, तेथे असे होऊ देणे आरोग्याला घातक आहे.

यासाठी काम संपताच वाळलेली कणीक उलथन्याच्या कडेने हलकेच खरवडावी. पोळपाट दोन्ही बाजूंनी पाण्याने चटकन धुवावा, पुसावा आणि वाऱ्याला, सावलीत, कडेवर उभा करावा. डाग पडल्यास मीठ व लिंबाची फोड चोळावी. लाटणे आणि काथवट यांनाही हाच नियम लागू आहे.

अधूनमधून कोरड्या पोळपाटाला खाण्याच्या जवसाच्या तेलाचा पातळ हात द्यावा आणि तो काही दिवस तसाच ठेवावा. हवेतील प्राणवायूशी संयोग होऊन हे तेल घट्ट होते आणि पाण्याला अटकाव करते. शेंगदाण्याचे तेल तसे घट्ट होत नाही. ते खवट होते. रंगाच्या दुकानातील जवसाचे तेल मात्र वापरू नये. त्यात अन्नाला अयोग्य द्रव्ये मिसळलेली असू शकतात. तसेच तेलाची चिंधी चुरगळून टाकू नये. तीत उष्णता साठून ती आपोआप पेटू शकते. ती उघड्यावर पसरून वाळवावी.

ज्या सागाचा पोळपाट होतो, तो वाढण्यास कित्येक वर्षे लागतात. त्याची निगा राखण्यास मात्र रोजची दोन मिनिटे पुरतात. एवढे केले, तर आजीने ज्या पोळपाटावर पोळ्या लाटल्या, त्यावर तिच्या नातवंडांनाही लाटता येतील.