शॉमबर्गमधली 'बनगरवाडी'

मंडळी, गेल्या हिवाळ्यातली गोष्ट. बाहेर बर्फ, आणि आमच्या शॉमबर्गच्या घरात मी अन् माझी बारा वर्षांची लेक रोज रात्री दोन-दोन पानं 'बनगरवाडी' वाचत होतो. व्यंकटेश माडगूळकरांची ही कादंबरी १९५५ साली पुस्तकरूपाने आली. औंध संस्थानातल्या धनगरांच्या वाडीवर नेमणूक झालेल्या कोवळ्या मास्तरची ही कहाणी.

लेकीचं मराठी स्वयंपाकघरापुरतं. गावकरी तालीम बांधतात म्हटल्यावर विचारते कशी, "बाबा, प्रॅक्टिस कशी बांधायची?" मंडळाच्या नाटकाच्या तालमींशिवाय दुसरी तालीम तिला ठाऊकच नव्हती! मग मोल्सवर्थचा कोश उघडला. त्याची १८५७ची आवृत्ती शिकागो विद्यापीठाने संगणकावर सर्वांना खुली केली आहे. म्हणजे आपल्या शेजारीच की!

पण 'दुष्काळ' या शब्दाला कोश पुरेना. पाऊस नाही, चारा नाही, मेंढरं मरताहेत, वाडी ओस पडते. "आजीला विचारू या?" लेक म्हणाली. माझी आई आटपाडीची; माडगूळकरांचं माडगूळं त्याच तालुक्यातलं. फोनवर ती १९७२च्या दुष्काळाबद्दल तासभर बोलली. खडी फोडायची कामं, पोरांना मिळणारी सुकडी... हे तिने मला कधी सांगितलं नव्हतं. आणि खरं सांगायचं तर, मीही कधी विचारलं नव्हतं.

वहीत आता साठेक शब्द झालेत. पुढचा शब्द अडला, की लेक कोशाआधी आजीला फोन लावते.