कोळसा उदंड, मग गॅसही उदंड?

"चंद्रपूरच्या पोटात एवढा कोळसा आहे, म्हणजे मिथेनही तेवढाच असणार. बंगाल-झारखंडमध्ये काढतात, मग आपल्याकडेच का नाही? विदर्भाला मुद्दाम डावललं जातंय!" वर्धा खोऱ्यातल्या कोळशाचा विषय निघाला की हे हमखास ऐकू येतं. आता ऐकवत नाही. विदर्भावरच्या खऱ्या अन्यायांची यादी आधीच लांब आहे. तीत भूगर्भाचा हा मामला घुसडला, तर बाकीच्या तक्रारींचंही वजन कमी होतं.

यामागचा हिशेब साधा असतो. महाराष्ट्रात सुमारे 13 अब्ज टन कोळसा आहे आणि त्याचा मोठा वाटा चंद्रपूर-यवतमाळच्या वर्धा खोऱ्यात आहे. झारखंडमधल्या झरियाच्या खोल थरांत टनामागे 10 घनमीटरहून अधिक गॅस सापडतो. लोक या दोन आकड्यांचा गुणाकार करतात आणि उत्तर पाहून हरखून जातात. मात्र झरियाच्या टनातला गॅस बल्लारपूरच्या टनाला लावता येत नाही.

का येत नाही, ते नीट पाहू. कोळशाच्या थरात गॅसने भरलेली पोकळी नसते. कोळशाच्या आत अतिसूक्ष्म छिद्रं असतात आणि मिथेनचे रेणू त्यांच्या भिंतींना चिकटून बसलेले असतात. पाण्याच्या फिल्टरमधला सक्रिय कोळसा अशुद्ध घटक धरून ठेवतो, तसंच हे. रेणूंना जागेवर धरून ठेवतो तो दाब, आणि तो येतो थराच्या भेगांत, म्हणजे क्लीटमध्ये, साचलेल्या पाण्यामुळे. म्हणून विहीर खोदली की आधी पाणी येतं. ते महिनोन्‌महिने उपसावं लागतं. दाब उतरला की गॅस सुटतो, भेगांतून वाट काढत विहिरीपर्यंत येतो आणि त्याचं उत्पादन हळूहळू वाढत जातं. नेहमीच्या गॅसविहिरीत सुरुवातीला जोर असतो आणि पुढे तो ओसरतो. इथे सगळं उलट.

आता चंद्रपूरचा कोळसा. बराकर थरसमूहातला हा कोळसा सुमारे 28 कोटी वर्षांपूर्वीचा. थर जाड आहे. काही ठिकाणी जाडी पंधरा मीटरच्या पुढे जाते. पण तो फारसा 'शिजलेला' नाही. कोळसा किती पक्व झाला हे विट्रिनाइट या घटकावरून पडताळतात. नमुना घासून चकचकीत करायचा, सूक्ष्मदर्शकाखाली ठेवायचा आणि त्यावर पडलेल्या प्रकाशापैकी किती टक्के परत येतो ते मोजायचं. वर्धा खोऱ्यात हा आकडा 0.5 ते 0.6 टक्क्यांच्या आसपास येतो. उष्णतेने मिथेन तयार होण्याला खरा जोर येतो तो साधारण 0.7-0.8 च्या पुढे. झरियाचा कोळसा ही पायरी केव्हाच ओलांडून गेला आहे. शिवाय आपल्या कोळशात ओलावा जास्त. मिथेनने चिकटायच्या जागा पाणीच अडवून बसतं.

दुसरी अडचण खोलीची. इथला बराचसा कोळसा पहिल्या 300 मीटरांतच आहे, म्हणून तर इतक्या ओपनकास्ट खाणी निघाल्या. पाण्याच्या 100 मीटर उंचीमागे साधारण 10 वातावरणांइतका दाब येतो. दीडशे मीटरवरच्या थराला 15 वातावरणं, आठशे मीटरवरच्याला 80. दाब कमी, तर धरून ठेवलेला गॅसही कमी. थर जिथे उघड्यावर येतो तिथून तर कोट्यवधी वर्षांत गॅस केव्हाच निघून गेला.

यावर विश्वास बसत नसेल, तर वेकोलिच्या, म्हणजे वेस्टर्न कोलफील्ड्सच्या, भूमिगत खाणीत काम केलेल्या एखाद्या मायनिंग सरदाराला विचारा. कोळसा खाण विनियम, 2017 मध्ये ज्वालाग्राही वायूनुसार भूमिगत थरांच्या तीन श्रेणी केल्या आहेत. पहिल्या श्रेणीत हवेतलं प्रमाण 0.1 टक्क्याच्या वर जात नाही आणि काढलेल्या टनामागे 1 घनमीटरहून जास्त वायू सुटत नाही. तिसऱ्या श्रेणीत तो 10 घनमीटरच्या वर असतो. झरियातली मुनीडीह खाण त्यातली. चंद्रपूर भागातल्या भूमिगत खाणी बहुतेक पहिल्या श्रेणीत मोडतात. खाणीत सुटणारा वायू आणि थरात धरलेला वायू हे एकच माप नव्हे, हे कबूल. पण कल कुठे आहे ते यातून स्पष्ट दिसतं.

पहिली श्रेणी म्हणजे धोका नाही, असं मात्र कुणी समजू नये. हवेत मिथेन 5 ते 15 टक्के झाला की स्फोट होऊ शकतो आणि वारा न खेळणाऱ्या कोपऱ्यात तो साचतोच.

मग विषय कायमचा संपला का? तसंही नाही. अमेरिकेत वायोमिंगच्या पावडर नदीच्या खोऱ्यातला कोळसा आपल्यापेक्षाही कच्चा आहे. त्यात टनामागे गॅस कमी, तरीही तिथे मोठं उत्पादन झालं. तिथले थर प्रचंड जाड, भेगा मोकळ्या आणि गॅस जिवाणूंनी तयार केलेला. त्यामुळे चंद्रपूरच्या खोल भागाचा निकाल लागेल तो चाचणीने. बोअरमधून कोळशाचा गाभा वर आला की तो तत्काळ हवाबंद डब्यात घालतात, डबा थराच्याच तापमानाला ठेवतात आणि सुटणारा गॅस दिवसेंदिवस मोजतात. शेवटी नमुना दळून उरलेला गॅसही मोजतात. कुणी मोठा आकडा सांगितला, तर तो अशा किती डब्यांतून आला, हे आधी विचारावं. देशाचं कोलबेड मिथेन, म्हणजे कोळशाच्या थरातल्या मिथेनचं, धोरण 1997 चं. रानीगंजला व्यावसायिक उत्पादन 2007 मध्ये सुरू झालं, मध्य प्रदेशातल्या सोहागपूरला 2017 मध्ये. चांगल्या कोळशालाही इतकी वर्षं लागली.

बाकीचे गैरसमज थोडक्यात.

खाणीतून किंवा कोळशाच्या ढिगातून धूर निघतो, म्हणजे खाली गॅस जळतोय: नाही. आपला कोळसा हवेतल्या ऑक्सिजनमुळे आपोआप तापतो आणि पेटतो. जळतो तो कोळसाच.

ऑगस्ट 2022 मध्ये घुग्घुसच्या आमराई वॉर्डातलं घर जमिनीत गडप झालं ते गॅसमुळे: खाली जुनी भूमिगत खाण आहे. कोळसा काढल्यावर उरलेली पोकळी आणि तिचं छत, कारण तिथे शोधायचं.

ताडोबासारखं जंगल गाडलं गेलं आणि कोळसा झाला: तेव्हा साग नव्हता, बांबू नव्हता, एकही फुलझाड नव्हतं. ग्लॉसोप्टेरिसची झाडं होती. त्यांच्या पानांचे ठसे कोळशालगतच्या शेलमध्ये मिळतात.

गडचिरोलीत लोखंड आहे तर कोळसा-गॅसही असणार: सुरजागडचे लोहखडक दोन अब्ज वर्षांहून जुने आहेत. तेव्हा जमिनीवर झाडंच नव्हती, कोळसा कशाचा होणार? सिरोंच्याकडे कोळसा ज्या गटात सापडतो ते गोंडवाना खडक आहेत, पण तिथे वर दिसतात ते बहुतांश कोळशानंतरच्या काळातले. तिथल्या वडधमला सापडलेले डायनोसॉरचे जीवाश्म त्याच खडकांतले.

हा गॅस म्हणजे सिलिंडरमधलाच: सिलिंडरमध्ये प्रोपेन-ब्युटेन असतो, हा जवळपास सगळा मिथेन.

गॅस काढल्याने पाण्याला काहीच होत नाही: हा उलट्या बाजूचा गैरसमज, आणि जास्त घातक. कोळशाच्या वरचा कामठी वालुकाश्म चंद्रपूर जिल्ह्यात विहिरींना पाणी देतो. खालून सतत उपसा करायचा असेल, तर या दोन थरांमधला संबंध आधी तपासलाच पाहिजे. उपसलेलं पाणी खारट निघालं, तर ते नाल्यात सोडता येत नाही.

आणि भद्रावती. तिथल्या गॅसिफिकेशन प्रकल्पाचा करार 2023 मध्ये दावोसला झाला, तेव्हापासून "बघा, निघाला ना गॅस!" असं सुनावलं जातं. गॅसिफिकेशनमध्ये खणून काढलेला कोळसा वाफ आणि ऑक्सिजनबरोबर प्रचंड तापमानाला तापवून कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोजन तयार करतात. थरातल्या मिथेनशी त्याचा संबंध नाही. तिथे विचारायचं ते हे की पाणी कुठून घेणार आणि राख कुठे टाकणार.