गणवेशाआडचा चाकू : निवड कशी करावी?

चाकू म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे हिंदी चित्रपटातील रामपुरी उभा राहतो. खटका दाबला की उघडणारे पाते, अंधारी गल्ली आणि खलनायकाचे हास्य! त्यामुळे पोलिसाने अंगावर चाकू बाळगावा, आणि तोही कपड्यांआड, ही कल्पनाच आपल्याला विचित्र वाटते. अमेरिकेत मात्र गस्तीवरील अनेक पोलीस पिस्तूल, बेड्या, विजेरी आणि बिनतारी संच यांच्या जोडीला एक लहानसा, न मिटणाऱ्या पात्याचा चाकू स्वतःच्या पसंतीने घेतात. या चाकूची निवड हा तेथील पोलिसांमध्ये गांभीर्याने चर्चिला जाणारा विषय आहे. कारण चुकीचा चाकू ऐन वेळी निरुपयोगी ठरतो, प्रसंगी धन्यावरच उलटतो.

प्रथम हा चाकू कशासाठी लागतो ते पाहू. अपघातात उलटलेल्या मोटारीत माणूस पट्ट्याला लटकत असतो आणि त्याच्याच भाराने कुलूप अडकून बसते. अशा वेळी पट्टा कापण्यावाचून गत्यंतर नसते. गळफास घेतलेल्या व्यक्तीची दोरी तत्काळ कापावी लागते. ती कापताना गाठ सोडून दुसरीकडे कापायची असते, कारण गाठ हा पुढील तपासातील पुरावा असतो. प्लॅस्टिकच्या बेड्या, जप्त मालाची खोकी, कुंपणात अडकलेले जनावर अशी कामे तर रोजचीच. शस्त्र म्हणून चाकू उपसण्याचा प्रसंग बहुतेक पोलिसांवर संपूर्ण सेवाकाळात येत नाही. पण दुकानात चाकू निवडताना हाच न येणारा प्रसंग मनात घोळत असतो आणि तेथेच निवडीची गाडी रुळावरून घसरते.

न मिटणारे पातेच का? खिशात मावणारा, मिटवता येणारा चाकू सोयीचा असतो हे खरे. पण तो उघडावा लागतो. हातात जाड मोजे आहेत, बोटे पावसाने ओली झाली आहेत, दुसऱ्या हाताने जखमीला आधार दिला आहे, अशा स्थितीत अंगठ्याने पाते उघडणे वाटते तितके सोपे नाही. शिवाय बिजागरी आणि खटका हे दोन्ही झिजणारे भाग. जोर लावताना खटका सुटला तर पाते स्वतःच्याच बोटांवर मिटते. अखंड चाकूत पाते आणि मुठीतला गाभा एकाच पोलादी पट्टीचा असतो. तो म्यानातून निघाला की वापरण्यास सिद्ध.

पात्याची लांबी हा खरेदीदारांचा आवडता विषय असला तरी त्यात फारसे तथ्य नाही. मोटारीचा पट्टा जेमतेम दोन इंच रुंद असतो. त्यासाठी अडीच-तीन इंचांचे पाते पुरते, आणि त्याहून लांब चाकू बसताना कमरेला टोचतो. आकार मात्र महत्त्वाचा. अणकुचीदार टोक चित्रात शोभून दिसते. परंतु जखमीच्या मानेजवळ पट्ट्याखाली पाते सरकवायचे असेल, तर पाठ खाली वळलेले, बोथट टोकाचे पाते कितीतरी सुरक्षित. दातेरी धार तंतुमय पट्टा आणि दोरी झटकन कापते, थोडी बोथटली तरी काम देते. पण तिला घरी धार लावणे जिकिरीचे. साधी धार कोणालाही लावता येते. नियमितपणे धार लावण्याची सवय असलेल्याने साधी धार घ्यावी, इतरांनी अर्धी दातेरी. अंगावरचे कपडे कापायचे असतील तर मात्र रुग्णवाहिकेतील बोथट टोकाची कात्री कोणत्याही चाकूपेक्षा सरस, हेही येथे नोंदवले पाहिजे.

पोलादाविषयी थोडक्यात. शरीरालगत राहणाऱ्या चाकूचा खरा शत्रू घाम आहे. १०९५ या नावाने ओळखले जाणारे कार्बन पोलाद चिवट आणि धार लावण्यास सोपे. पण त्यात क्रोमियम नसल्याने ते लवकर गंजते. ४४०-सी पोलादात १६ ते १८ टक्के क्रोमियम असते. २००१ मध्ये बाजारात आलेले एस-३०-व्ही धार दीर्घकाळ टिकवते, मात्र त्याला पुन्हा धार लावण्यास वेळ लागतो. नायट्रोजनयुक्त एच-१ पोलाद समुद्राच्या पाण्यातही सहसा गंजत नाही. यांपैकी कोणतेही पोलाद पोलिसाच्या कामाला पुरेसे आहे. जाहिरातीतील आकड्यांवर मासिक वेतनाचा मोठा हिस्सा खर्च करण्याचे कारण नाही.

खरी मेख आहे ती म्यानात. पोलीस धावतो, कुंपणावरून उडी मारतो, आरोपीशी झटापट करतो. अशा वेळी म्यानातून निसटलेला चाकू म्हणजे समोरच्याच्या हाती आयते दिलेले शस्त्र. कातडी म्यान दिसण्यास देखणे. पण ते घाम शोषते आणि कालांतराने सैलावते. कायडेक्स हे उष्णतेने मऊ करून चाकूच्या आकारावर बसवता येणारे प्लॅस्टिक म्हणून पसंत केले जाते. त्यात चाकू ‘टक्’ असा आवाज करून घट्ट बसतो. म्यान उलटे धरून जोराने हलवावे. चाकू जागचा हलता कामा नये, आणि तरीही एका हाताने, एका हिसक्यात तो निघाला पाहिजे. या दोन परस्परविरोधी अपेक्षा जे म्यान पूर्ण करते, त्याच्यासाठी चाकूत थोडी तडजोड करावी लागली तरी हरकत नाही. पट्ट्याला धरून ठेवणाऱ्या पकडीचे स्क्रू वापराने ढिले होतात. ते महिन्यातून एकदा तपासलेले बरे.

चाकू लपवण्यामागे दोन हेतू असतात. एक म्हणजे तो दिसला नाही तर कोणी हिसकावत नाही. दुसरा, नागरिकांशी बोलणाऱ्या पोलिसाच्या कमरेला उघडा चाकू दिसणे त्याच्या प्रतिमेला शोभत नाही. पण लपवायचा कोठे? बुटात ठेवलेला चाकू खाली पडल्यावर किंवा मोटारीत बसल्यावर हाती लागत नाही. गळ्यात दोरीने अडकवलेल्या चाकूची दोरीच झटापटीत फास ठरू शकते. दोरी ताण पडताच तुटणारी नसेल तर हा मार्ग टाळावा. पोटाशी, पट्ट्याच्या मध्याजवळची जागा सर्वांत सोयीची, कारण तेथे दोन्ही हात पोचतात. पिस्तुलाचा हात जखमी झाला किंवा अडकला, तर दुसऱ्या हाताने चाकू निघाला पाहिजे. तेथे चाकू आडवा बसवल्यास वाकताना मूठ बरगडीत रुतत नाही.

या संदर्भात का-बार कंपनीचा ‘टीडीआय’ चाकू नेहमी उल्लेखला जातो. ओहायओतील निवृत्त पोलीस अधिकारी जॉन बेनर यांनी तो खास पोलिसांसाठी आखला. कोणी पिस्तूल हिसकावू लागला, तर मोकळ्या हाताने उपसता यावा म्हणून त्याची मूठ पिस्तुलासारखी वाकवलेली आहे आणि पाते सव्वादोन इंचांच्या आसपास. त्या एका प्रसंगासाठी रचना चोख आहे यात शंका नाही. परंतु हीच वाकडी मूठ खोके उघडताना किंवा जमिनीवरची दोरी कापताना मनगटाला अवघडवते. ज्याला रोजच्या कामाचा चाकू हवा आहे, त्याने सरळ मुठीचा, निदान तीन बोटे पूर्ण मावतील असा चाकू घ्यावा, आणि मुठीपुढे बोट घसरू नये असा अडसर आहे ना, हे पाहावे.

एवढे सगळे जमले तरी कायदा उरतोच. अमेरिकेत प्रत्येक राज्याचा नियम वेगळा. कॅलिफोर्नियात सामान्य नागरिकाने भोसकण्याजोगा, न मिटणारा चाकू लपवून बाळगणे गुन्हा आहे. कमरेला म्यानात उघडपणे लटकवलेला मात्र चालतो. टेक्सासमध्ये २०१७ पासून साडेपाच इंचांहून लांब पातेही प्रौढांना बाळगता येते, फक्त काही ठिकाणे वगळून. गंमत अशी की, २००४ च्या संघीय कायद्यान्वये पात्र पोलीस अधिकारी कामावर नसताना परराज्यातही पिस्तूल लपवून बाळगू शकतो. पण हा कायदा केवळ बंदुकांपुरता आहे. कंबरेचे पिस्तूल कायदेशीर आणि शेजारचा तीन इंची चाकू बेकायदा, अशी स्थिती उद्भवू शकते! शिवाय माणसावर चाकू चालवणे हे तेथे प्राणघातक बळ मानले जाते. म्हणून आपल्या विभागाची लेखी परवानगी आणि प्रशिक्षणाची नोंद असल्याखेरीज तो बाळगू नये, असा सल्ला जाणकार देतात. तो योग्यच आहे.

आपल्याकडे शस्त्र नियमांतील मर्यादा नऊ इंच लांबी किंवा दोन इंच रुंदीची आहे, आणि घरगुती, शेतीच्या वा औद्योगिक वापरासाठी बनवलेली पाती तीतून वगळलेली आहेत. मात्र महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम ३७ खालील मनाई आदेश लागू असताना लहान चाकूही नागरिकास अडचणीत आणू शकतो.

चाकू घेतल्यानंतर त्याची परीक्षा दुकानातील कागदावर करू नये. भंगारवाल्याकडून जुन्या मोटारीचा पट्टा आणावा, ताणून बांधावा, हातमोजे ओले करावेत आणि एकाच हाताने, म्यानापासून सुरुवात करून, धार शरीरापासून दूर ठेवून तो तिरका कापून पाहावा. मग हाच प्रयोग डाव्या हाताने करावा. बहुतेकांचा गोंधळ उडतो तो येथेच, आणि तोही पात्यापाशी नव्हे. अंगातला सदरा वर करून मूठ शोधण्यापाशी.