हिशेबाची वही आणि पाण्याचा हंडा

१८९३ साली नागपूरहून राजनांदगावला निघालेल्या गाडीत कवी नारायण वामन टिळकांच्या डब्यात एक गोरा प्रवासी होता. गोऱ्या साहेबाने 'नेटिव्हा'ला डब्यातून उठवावे आणि त्यात कोणाला फारसे वावगे वाटू नये, असा तो काळ. हा साहेब मात्र अदबीने वागला. संस्कृत काव्यावर गप्पा झाल्या, निरोप घेताना त्याने टिळकांच्या हातात नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे भाकीतही केले. टिळकांना ते हास्यास्पद वाटले. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्यांना खरे खेचले ते नव्या करारातल्या येशूच्या डोंगरावरच्या प्रवचनाने. पण ते पुस्तक उघडावेसे वाटले, यात त्या अनोळखी माणसाच्या वागण्याचा वाटा होताच.

ती गाडी ज्या मार्गाने गेली तो भंडारा जिल्ह्यातून जातो. वरठी म्हणजे भंडारा रोड, पुढे तुमसर रोड, मग गोंदिया. याच जिल्ह्यात, नागपूर-भंडारा रस्त्याला लागून, जवाहरनगर ही ऑर्डनन्स फॅक्टरीची वसाहत आहे. सरकारी कारखान्याच्या वसाहतीत शेजारी निवडून मिळत नाही. क्वार्टर मिळते ते पद आणि नोकरीची वर्षे पाहून. भिंतीपलीकडे कोण राहायला येईल ते नशिबावर. बारा लाखांच्या या जिल्ह्यात ख्रिस्ती माणूस विरळाच. साऱ्या महाराष्ट्रातही २०११च्या जनगणनेनुसार ख्रिस्ती एक टक्क्याच्या आतच आहेत. एवढ्या थोड्या लोकांत एखाद्याचे वागणे त्याच्यापुरते राहत नाही. त्याने उसने घेतलेले पैसे बुडवले तर 'अमका बुडव्या' असे कोणी म्हणत नाही, 'हे लोक असेच' असे म्हटले जाते. आणि अडीनडीला तो रात्री दवाखान्यात बसून राहिला, तर त्याचेही श्रेय त्याच्या चर्चच्या खात्यावर जमा होते. दोन्ही हिशेब तसे अन्यायाचेच, पण चालतात ते असेच.

स्फोटकांच्या कारखान्यात तर वागण्याला आणखी एक अर्थ असतो. २४ जानेवारी २०२५ रोजी इथे झालेल्या स्फोटात आठ जणांचा जीव गेला. अशा ठिकाणी शेजारच्या टेबलावरचा माणूस कोणत्या देवाला हात जोडतो यापेक्षा तो कामात सावध आहे की नाही, हे आधी पाहावे लागते.

भंडाऱ्याच्या ख्रिस्ती माणसाला जोखणारा सर्वांत चिकित्सक शेजारी म्हणजे आंबेडकरी बौद्ध. याला इतिहास आहे. १९५४ साली बाबासाहेबांनी भंडाऱ्यातून लोकसभेची पोटनिवडणूक लढवली आणि ते हरले. ती त्यांची अखेरची निवडणूक. दोन वर्षांनी, १४ ऑक्टोबर १९५६ला, नागपुरात त्यांनी धम्मदीक्षा घेतली. त्याआधीच्या वीस वर्षांत त्यांनी जे धर्म पारखून पाहिले त्यांत ख्रिस्ती धर्मही होता. अस्पृश्यांच्या ख्रिस्तीकरणावर आणि धर्मांतरितांच्या स्थितीवर त्यांनी लिहिलेले लेख त्यांच्या पश्चात प्रसिद्ध झाले. शिक्षण आणि वैद्यकीय सेवा यांचे श्रेय मिशनऱ्यांच्या पदरात घालताना त्यांनी हात आखडता घेतलेला नाही. त्यांची तक्रार वेगळी होती: धर्म बदलला तरी जात बदलली नाही, आणि ख्रिस्ती समाज म्हणून अन्यायाविरुद्ध कोणी उभे राहिले नाही.

ही तक्रार जुनी झालेली नाही. तमिळनाडूत दलित ख्रिस्ती लोकांसाठी चर्चमध्ये वेगळी बसायची जागा आणि वेगळे दफनस्थान होते. काही गावांत ते वाद अजून चालू आहेत. गोव्यात चर्चच्या सणाचा मान कोणत्या जातीच्या कोन्फ्रारियेचा, म्हणजे चर्चमधल्या बंधुमंडळाचा, यावरून पिढ्यान्‌पिढ्या भांडणे झाली आहेत आणि कॅथलिक स्थळ पाहतानाही बामण, चारडो हे जातीचे शब्द पूर्ण मिटलेले नाहीत. रविवारी एकाच प्याल्यातल्या प्रभुभोजनाचे गोडवे गायचे आणि सोमवारी सोयरिकीला जात विचारायची, हे शेजाऱ्याला दिसत नाही असे समजणे भाबडेपणाचे आहे.

याच बाबतीत टिळकांच्या घरातली गोष्ट बोलकी आहे. नवऱ्याच्या धर्मांतरानंतर लक्ष्मीबाई काही काळ माहेरच्या माणसांत राहिल्या. पुढे नगरला त्या टिळकांकडे आल्या त्या आपले सोवळे घेऊनच. चूल वेगळी, पाण्याचा हंडा वेगळा. ख्रिस्ती झालेल्या कवीने बायकोच्या हंड्याला हात लावला नाही आणि बाप्तिस्म्यासाठी तगादाही लावला नाही. जात ही देवाने नव्हे, माणसाने केली, हे लक्ष्मीबाईंना स्वतःच विचार करता करता पटले. त्या कोणाच्याही हातचे खाऊ-पिऊ लागल्या तेव्हा त्या ख्रिस्ती नव्हत्या, बाप्तिस्मा त्यानंतरचा. 'स्मृतिचित्रे' या आत्मचरित्रात हे सारे त्यांनी कसलाही आव न आणता सांगितले आहे. त्यातले टिळक काही संत नाहीत. बाजारहाटाचे पैसे भलत्याच वस्तूवर उडवून येणारे, संतापी, घरच्यांना घोर लावणारे आहेत. तरी पुस्तक मिटताना वाचकाला त्यांच्या श्रद्धेविषयी शंका उरत नाही, ती या वेंधळेपणातूनही दिसणाऱ्या औदार्यामुळे.

आता शेजाऱ्याच्या शंकेची दुसरी बाजू. १९५४ साली भंडारा जुन्या मध्य प्रदेशात होते, राजधानी नागपूर. त्या सरकारने मिशनऱ्यांच्या कामाची चौकशी करायला एक समिती नेमली. अध्यक्ष होते नागपूर उच्च न्यायालयाचे माजी मुख्य न्यायाधीश भवानीशंकर नियोगी. समिती चौदा जिल्हे फिरली. १९५६च्या अहवालाने शाळा, दवाखाने, अनाथाश्रम यांच्या आडून आमिष दाखवून धर्मांतरे होतात असा ठपका ठेवला. ख्रिस्ती संस्थांनी अहवाल एकतर्फी असल्याचे म्हटले आणि आदिवासी-दलितांना स्वतःची अक्कलच नाही असे तो गृहीत धरतो, हा त्यांचा आक्षेप बिनबुडाचा नव्हता. गंमत अशी की त्याच वर्षी नियोगींनी स्वतः बाबासाहेबांबरोबर बौद्ध धम्म स्वीकारला.

सेवेवरचा संशय मात्र सोळाशे वर्षे जुना आहे. रोमन सम्राट ज्युलियन ख्रिस्ती धर्माचा कट्टर विरोधक. इसवी सन ३६२च्या सुमारास त्याने आपल्या एका पुरोहिताला पत्र लिहिले. ख्रिस्ती लोक स्वतःच्या गरिबांना तर पोसतातच, वर आमच्याही गरिबांना पोसतात, याची लाज त्याला वाटत होती, आणि आपल्या देवळांनीही असेच करावे असे त्याने फर्मावले. वैऱ्याने दिलेले याहून चांगले प्रशस्तिपत्र कोणते? पण त्यातच अडचण आहे. मिरजेला डॉ. विल्यम वानलेस यांनी १८९४ साली सुरू केलेले रुग्णालय असो की परतवाड्याजवळच्या कोठाऱ्याचे कुष्ठरुग्णांचे इस्पितळ, संस्थेचा चांगुलपणा दिसायला मोठा असतो आणि त्यामागे हेतू काय, हा प्रश्न कायम चिकटलेला असतो. शिवाय संस्थेत सेवा करणारे थोडे. बाकीचा समाज त्यांच्या पुण्याईवर वावरत असेल तर शेजाऱ्याने त्याला का मानावे?

म्हणूनच वर्ध्याचे जे. सी. कुमारप्पा महत्त्वाचे वाटतात. १९३४च्या अखेरीस गांधींनी अखिल भारतीय ग्रामोद्योग संघ काढला. मगनवाडीत त्याचा कारभार कुमारप्पांनी सांभाळला. तंजावरकडचे हे ख्रिस्ती गृहस्थ लंडनमध्ये हिशेबतपासनीस झालेले आणि स्वभावाने भयंकर तापट. त्यांनी कोणाला धर्म शिकवला नाही. १९३०च्या सत्याग्रहात लाठ्या चालत असताना मात्र त्यांनी मिशनऱ्यांना आणि चर्चच्या धुरीणांना जाहीरपणे विचारले, की अहिंसेने लढणाऱ्यांवरच्या या माराबद्दल तुम्ही गप्प कसे?

त्यांचा धर्म दिसला तो वहीत. जानेवारी १९३४च्या बिहार भूकंपानंतर मदत समितीचे हिशेब त्यांच्याकडे होते. कार्यकर्त्याच्या जेवणाला दिवसाला तीन आणे, असा त्यांनी दंडक घातला. गांधी आपल्या माणसांसह आले, तेव्हा दूध-फळे-खजूर यांचा खर्च तीन आण्यांत बसेना. मदतनिधीतून तो मिळणार नाही, तुमची सोय तुम्ही करा, असे कुमारप्पांनी गांधींचे चिटणीस महादेवभाई देसाईंना सांगून टाकले. गांधींनी बोलावून विचारले, कारण ऐकले, आणि ते मान्य केले. आधी वेळ ठरवली नव्हती म्हणून हिशेबाच्या गडबडीत असलेल्या कुमारप्पांनी गांधींना भेट नाकारल्याचाही किस्सा त्या दिवसांतलाच. जनतेने दिलेला पैसा परक्याची ठेव आहे, हे बायबल उघडून सांगण्याची त्यांना गरज पडली नाही. येशूच्या शिकवणीवर त्यांनी पुस्तक लिहिले ते पुढे, जबलपूरच्या तुरुंगात. त्याला प्रस्तावना गांधींची.

कुमारप्पा फार थोडे असतात, हे खरे. आणि सर्वसाधारण ख्रिस्ती माणसाच्या वागण्यात जी खोट दिसते, तिला नेहमी तोच जबाबदार नसतो. १९५०च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीच्या सवलती हिंदूंपुरत्या ठेवल्या. १९५६मध्ये शीख आणि १९९०मध्ये बौद्ध त्यात आले, ख्रिस्ती आलेले नाहीत. जवाहरनगरसारख्या ठिकाणी, जिथे सरकारी नोकरीने एका पिढीचे आयुष्य पालटते, तिथे आदेशातल्या या ओळीचे वजन काय ते कळते. बौद्ध शेजारी आपला धर्म कागदावर लिहून सवलत घेऊ शकतो. दलित ख्रिस्ती माणसाने खरे लिहिले तर मुलाची राखीव जागा जाते. न लिहिले तर चर्चमध्ये एक नाव आणि दाखल्यावर दुसरा धर्म. शेजारी त्याला लबाड म्हणतो. त्याचा पाळकही कधी कधी तेच म्हणतो, आणि पाळकाला राखीव जागा लागणार नसते.

नोव्हेंबर २०२४मध्ये पुदुच्चेरीच्या एका महिलेच्या अशाच प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिला. नोकरीसाठी तिला अनुसूचित जातीचा दाखला हवा होता. आपण हिंदूच आहोत असा तिचा दावा. न्यायालयाने तिचे कागद पाहिले, तसे वागणेही पाहिले. तिचा बाप्तिस्मा झालेला होता आणि ती नियमाने चर्चला जात होती. मनाने ख्रिस्ती असताना केवळ सवलतीसाठी हिंदू असल्याचे सांगणे ही संविधानाशी फसवणूक आहे, असे सांगून न्यायालयाने तिला दाखला नाकारला.