ओळखीचा चेहरा, परका माणूस

पन्नास वर्षे संसार केलेली आजी एका संध्याकाळी आजोबांकडे निरखून पाहते आणि म्हणते, "दिसतात तसेच, पण हे ते नव्हेत." घर हादरते. कोणी नाटक म्हणते, कोणी बाहेरची बाधा. पानिपतानंतर भाऊसाहेबांचा तोतया प्रकटला होता. येथे खरा माणूसच तोतया ठरतो.

हा मेंदूचा विकार आहे. जोसेफ काप्ग्रा या फ्रेंच डॉक्टरांनी सहकाऱ्यासह १९२३ मध्ये त्याचे वर्णन केले. चेहरा ओळखणे आणि तो पाहताच आपुलकी जागी होणे, या दोन निराळ्या क्रिया आहेत. पहिली शाबूत राहून दुसरी खंडित झाली, की आपले माणूस परके भासते, असे संशोधक मानतात. डॉ. विलयनूर रामचंद्रन यांचा एक रुग्ण समोरच्या वडिलांना तोतया म्हणे. दूरध्वनीवर मात्र त्यांचा आवाज तत्काळ ओळखी.

हा विकार विरळा आहे. स्मृतिभ्रंश, पार्किन्सन, स्किझोफ्रेनिया किंवा डोक्याची इजा यांच्या आश्रयाने तो येतो. म्हणून तो हमखास टाळता येत नसला, तरी त्याच्या वाटा अरुंद करता येतात. रक्तदाब व मधुमेह आटोक्यात ठेवावेत. दुचाकीवर हेल्मेट घालावे. मोतीबिंदू आणि बहिरेपण यांची हेळसांड करू नये. शाकाहारी घरांत बी-१२ जीवनसत्त्वाची तपासणी अगत्याची आहे. सोलापूरच्या उन्हाळ्यात शरीरातील पाणी घटले, की वृद्धांना भ्रम होऊ शकतो. सूर्यास्तानंतर पाणी वर्ज्य करणाऱ्या ज्येष्ठांनी दिवसा पुरेसे पाणी घ्यावे. उपवासात औषधे परस्पर बंद करू नयेत.

तरीही तसे घडलेच, तर वाद घालू नये, पुरावे मांडू नयेत. "तुम्हांला भीती वाटते ना? मी येथेच आहे," एवढे पुरे. क्षणभर बाहेर जाऊन दाराआडून ओळखीच्या स्वरात हाक मारावी. कधी तीच कामी येते. दिवा लावावा, सुरी-कात्री दूर ठेवावी. संशयातून रुग्ण हात उगारू शकतो, हे विसरू नये. भ्रम अचानक उद्भवला, तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. मागे ताप वा संसर्ग असू शकतो. आपल्या शासकीय रुग्णालयात मनोविकार विभाग आहे. 'टेलिमानस'चा १४४१६ हा क्रमांक अहोरात्र विनामूल्य उपलब्ध आहे.

आजोबांनी हे शब्द मनाला लावून घेऊ नयेत. आजीचे प्रेम आटलेले नाही. ते पोहोचवणारी वाट तेवढी बंद झाली आहे.